भुईवरची मिनिटं

या वहीची सुरुवातीची पानं खोटी आहेत. ती मी फाडली नाहीत. तारखा खऱ्या आहेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने पट्टीनं आखले आहेत, रेघा सरळ आहेत, अक्षरही बरं आहे. पण रकान्यांत भरलेली मिनिटं खोटी आहेत. त्यातलं एकही मिनिट माझी मुलगी भुईवर नव्हती.

मागं उरलेल्या कोऱ्या पानांवर मी हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. घरात हे वाचणारं कोणी नाहीच. यांची शाळा तेलुगू झाली, सासूची झालीच नाही. माझी मुधोळकडे माहेरी मराठी झाली, चौथीपर्यंत. उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही मुलीला घेऊन हैदराबादला निघणार, तिच्या मोठ्या ऑपरेशनला. परत येताना आम्ही किती जण असू हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून जाण्याआधी एकदा खरं काय ते ओळीनं लिहून ठेवते.

ती जन्मली तेव्हा तिची नखं जांभळाच्या सालीसारखी होती. सासू म्हणाली, थंडी वाजून राह्यली लेकराले. मी तिचे हात माझ्या पोटाशी धरून ठेवले. नखं काही लाल झाली नाहीत. आदिलाबादच्या दवाखान्यातून आम्हाला हैदराबादला पाठवलं. तिथं डॉक्टरनं कागदावर पेरूसारखं काहीतरी काढलं आणि त्यात एक भोक पाडलं. हृदयाला छिद्र आहे, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, ऑपरेशन दोनदा करावं लागेल. आधी एक लहान, नळी टाकायचं. मग अंग धरलं की मोठं. तोवर तिला फार रडू द्यायचं नाही. रडता रडता निळी पडली तर दोन्ही गुडघे मुडपून छातीशी दाबून धरायचे. मी ते गाठोड्यावर करून पाहिलं. नर्स म्हणाली, बरोबर आहे.

तीन महिन्यांची असताना ते झालं. लहान ऑपरेशनची तारीख अजून लांब होती. दुपारची वेळ, हे वांग्याच्या वावरात होते. आमचं गाव तामसीकडे, आम्ही भाजीपाला लावतो. मी चुलीवरचं उतरवत होते, तेवढ्यात ती झोळीत उठली आणि भुकेनं रडायला लागली. मी हात धुऊन येईपर्यंत ती निळी झाली. उचलली तेव्हा काळी. मग रडणंही थांबलं आणि मान माझ्या हातावरून खाली गेली.

सासू परसातून आली. तिनं एकदाच पाहिलं. शेजारची काकू दारात उभी होती, तिला म्हणाली, "सारव वं जरा तिथं."

आमच्यात माणसाचा जीव जायला लागला की त्याला बाजेवर ठेवत नाहीत. भुई शेणानं सारवतात आणि त्याला खाली घेतात. जीव अधांतरी जाऊ नये, भुईवर जावा. काकूनं दाराजवळची हातभर जागा सारवली. सासूनं मुलीला घ्यायला हात पुढं केले.

मी दिली. हे मला लिहायलाच हवं. तिनं ओढून घेतली नाही. तिनं हात पुढं केले आणि मी दिली.

ओल्या भुईवर तिला ठेवलं. सासूनं तुळशीचं पान पाण्यात बुडवून तिच्या ओठाला लावलं. सगळं इतकं शांतपणे चाललं होतं की मीही तशीच शांत बसले होते. मग मला एकदम ते गाठोडं आठवलं. मी तिचे गुडघे मुडपले आणि छातीशी दाबले. काकू म्हणाली, "राहू दे वं, जाऊ दे सुखानं." मी दाबून धरले. किती वेळ ते माहीत नाही. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, मांजरीच्या पिलासारखा, आणि ओठ काळ्याचे निळे झाले.

तिच्या झबल्याच्या पाठीवर ओल्या शेणाचा डाग पडला होता. मी ते तीनदा धुतलं. हिरवट राहिलंच.

त्या दिवशी सासूनं मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "भुईनं एकदा वापस देली. आता तिले भुई दाखवाची नाई. मोठं आपरेशन होऊन घरी येईस्तोर इचं आंग खाली लागलं नाई पायजे. मी म्हणून राह्यली."

सासूचा पहिला मुलगाही असाच खाली घेतला होता, पाळण्यातला. तो उठला नाही. यांच्याआधीचा. हे ती कधी बोलत नाही, मला काकूनं सांगितलं.

खरं सांगायचं तर सासूच्या त्या शब्दानं मला बरं वाटलं होतं. मी मुलीला हातांनी भुईवर दिली होती. आता काहीतरी न करून ते फेडता येणार होतं.

तेव्हापासून मुलगी कडेवर, मांडीवर, झोळीत नाही तर बाजेवर. सासू तिला घेऊन भाकरी खायची, तिला घेऊन भांडायची, तिला घेऊन सरकी वेचायची. तिचा हात भरून आला की मी घ्यायची. लहान ऑपरेशन झालं, बगलेखाली टाके पडले, निळेपणा कमी झाला. हैदराबादच्या डॉक्टरनं आदिलाबादसाठी एक चिठ्ठी दिली. म्हणाले, हृदयाच्या मुलांना बसायला, रांगायला, बोलायला उशीर होतो. रक्तात प्राणवायू कमी असतो, दवाखान्यातच दिवस जातात, आणि घरचे लोक भीतीनं त्यांना उचलूनच धरतात. ऑपरेशननंतर बघू असं म्हणू नका, आत्तापासून सुरू करा.

आदिलाबादच्या दवाखान्यात अशा लहान मुलांसाठी एक खोली आहे. भिंतीला खाली लावलेला आरसा, रंगीत चेंडू, घुंगरू. तिथं व्यायाम शिकवणारी मॅडम होती, वयानं माझ्याएवढीच. ती तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायची. तिनं मुलीला एका उंच लाकडी फळीवरच्या गादीवर पालथं ठेवलं. ती भुई नव्हती, म्हणून मी काही बोलले नाही. मुलीचं नाक गादीत गेलं. कडेवर ती मान धरायची, पण पालथं टाकलं की जड गोळ्यासारखी पडायची.

मॅडम म्हणाली, "अम्मा, घर में रोज पेट के बल रखना. खटिया पर नहीं, गोदी में नहीं. नीचे, कडक जमीन पर, पतली चटाई डालके. पहले दो-दो मिनिट. आप भी सामने लेटना, बात करना उससे."

मग तिनं ही वही दिली. रोज किती मिनिटं ते लिहून आणायचं.

पहिल्या दिवशी मी बाजेवर ठेवून पाहिलं. बाजेला झोळ पडलेला, त्यात मुलगी घसरत मधोमध गेली, तोंड गोधडीत रुतलं आणि ती रडायला लागली. माझ्या डोळ्यांपुढं ती दुपार आली. मी उचलली. संध्याकाळी वही उघडली तेव्हा रकाना कोरा होता. कोरा नेला तर मॅडम विचारेल, काऊन नाही केलं. मग मला भुईचं सांगावं लागेल, हिंदीत, सगळ्यांपुढं. मी दोन मिनिटं लिहिली. बाजेवर दोन मिनिटं झाली असतील, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाजेवरही ठेवली नाही आणि तीन लिहिली.

पंधरवड्यानं गेलो तेव्हा मॅडमनं वही चाळली. मराठी अक्षर हिंदीसारखंच, तिला कळलं. तिनं ती उंच धरून बाकावरच्या बायांना दाखवली. "देखो. ऐसा लिखना. ये अम्मा कितना अच्छा कर रही." सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, "शिकली हाय वाटते." मी पदर पुढं ओढला. मला शाळेतही कोणी असं वही धरून दाखवलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये यांनी मला भजी घेऊन दिली.

त्यानंतर मी रकाने पट्टीनं आखायला लागले.

आता कळतं की मी तेव्हाच मागं फिरायला हवं होतं. पण दर खेपेला खोटं थोडं मोठं होत गेलं. पाच मिनिटं, सात, दहा. सगळी सारखी लिहिली तर कळेल म्हणून मधेच कमी करायची आणि बाजूला लिहायची, आज दूध ओकली. ते खरं असायचं. ओकलेली खरी आणि मिनिटं खोटी. आणि मुलगी तशीच. वर्षाची झाली तरी कुशीवर वळेना, धरून बसवली तर पीठ सांडल्यासारखी एका बाजूला जायची.

काकू कुंपणावरून म्हणायची, "महाराणी हाय का वं? वर्साची झाली, पाय नाई टेकला जमिनीले."

सासू म्हणायची, "हाय महाराणी. तुय्या बापाचं काय जाते?"

मग एका खेपेला मॅडमनं वही मिटली आणि बराच वेळ मुलीला पाहत बसली. आरशापुढं धरली, घुंगरू वाजवलं, पाय ओढले. नंतर बाहेर जाऊन हैदराबादच्या डॉक्टरशी फोनवर बोलली. परत आली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती. ती यांना तेलुगूत समजावून सांगत होती आणि मी यांच्या तोंडाकडे पाहत होते. चार महिने रोज इतकं करूनही मूल वळत नाही, म्हणजे प्रश्न डोक्याचा असू शकतो. निळी पडली होती तेव्हा मेंदूला मार बसला असेल. डोक्याचा फोटो काढावा लागेल. त्यासाठी तिला औषध देऊन झोपवावं लागेल. अशा हृदयाच्या मुलाला झोपवणं जोखमीचं आहे, पण पाहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मोठं ऑपरेशन तोवर थांबेल.

हे म्हणाले, "थांबलं तं मंग पोरगी निळीच राह्यन का?"

मॅडम म्हणाली, "क्या करें."

वही माझ्या पिशवीत होती. आम्ही चालत बसस्टँडवर आलो. तामसीची गाडी लागली, यांनी खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकून जागा धरली आणि वर चढले. मी मुलीला घेऊन खालीच उभी राहिले.

"काऊन उभी राह्यली? चढ ना."

कंडक्टरही तेलुगूत तेच, चढा म्हणून, ओरडत होता, "एक्कंडी अम्मा, एक्कंडी!"

मी म्हटलं, "म्या खोटं लिवलं."

"काय?"

"वहीत. तिले खाली ठेवलंच नाई कवा. एक दिवस बी नाई."

हे पायरीवरच थांबले. मागची माणसं ढकलत होती. मग खाली उतरले. गाडी निघाली आणि यांची दस्ती सीटवरच गेली. हे गाडीकडे पाहत राहिले. म्हणाले, "चार महिने?"

"हो."

"अन् त्या बाई समद्याइले दाखोत होत्या, पाहा म्हून, पाहा."

मला वाटलं हे ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं आणि दवाखान्याच्या दिशेनं चालायला लागले. मी मागून.

मॅडम जेवायला बसली होती, डबा उघडा होता. मी दारात उभी राहिले. वाटेत मी एक वाक्य मनात हिंदीत जुळवलं होतं, ते सगळं गेलं. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ये झूठ है."

"क्या झूठ?"

"मैंने नहीं रखा. नीचे नहीं रखा."

"तो लिखा किसने?"

"मैंने."

"क्यों लिखा?"

"आपने बोला लिखना."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग हे बोलले, अर्धं हिंदी अर्धं तेलुगू. आमच्यात मरताना खाली घेतात, हिला एकदा घेतलं होतं, माझ्या आईनं भुईला शब्द दिला आहे. मला वाटलं ती हसेल, नाही तर म्हणेल, कसले अडाणी लोक. ती म्हणाली, "हमारे में भी लेते. मेरी नानी को लिया था."

मग ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. "अम्मा, अब मुझे कुछ नहीं दिख रहा. आपकी कॉपी देखके मैं समझी सब हो रहा है. दिमाग में खराबी है, कि सिर्फ आपने नहीं किया, मैं कैसे बोलूँ?" तिनं पुन्हा हैदराबादला फोन लावला. डॉक्टर तिला काय बोलले ते माहीत नाही, पण तिची मान खाली गेली होती. दोन महिने मिळाले. दोन महिने रोज खरोखर भुईवर ठेवायचं. त्यात मुलगी काही हलली, तर डोक्याचा फोटो नको, ऑपरेशनची तारीख घेऊ. नाही हलली, तर चिठ्ठी आहेच.

म्हणजे मुलगी सुधारली तर तिचे चार महिने मी खाल्ले. नाही सुधारली तर माझा दोष नाही, तिचा मेंदूच गेलेला. दुसऱ्या गाडीनं घरी येताना मी जे मागत होते ते कुठल्या आईनं मागितलं असेल माहीत नाही. दोष माझाच निघू दे, असं मागत होते.

घरी आल्यावर यांनीच आईला सांगितलं. सासू उठून उभी राहिली. "म्या नाई म्हटलं का कवा, दवाखान्यात जाऊ नका म्हून? गोया दिल्या, सुया टोचल्या, म्या काई बोलली? फकत भुई नाई म्हटलं. येवढंच तं म्हटलं."

मी म्हटलं, "माय, भुईबिगर ते बसनार नाई."

"नाई बसली तं नाई बसो. कडेवर वागवीन मी. मरस्तोर वागवीन."

"अन् तुमी मेल्यावर?"

हे माझ्या तोंडून गेलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना उलटून बोलले नव्हते. हे माझ्याकडे पाहायला लागले. सासू मुलीला घेऊन परसात गेली आणि अंधार पडेपर्यंत आत आली नाही.

सकाळी मी मधल्या खोलीत चटई घेतली. एका बाजूला बाज, एका बाजूला ज्वारीच्या कोठ्या, मोकळी जागा फक्त दाराजवळची. तीच. त्या दुपारपासून मी त्या जागेवर पाय देत नव्हते, कडेनं जायचे. सासूही जायची. आम्ही दोघी रोज एकमेकींना असं वळून जाताना पाहायचो आणि बोलायचो नाही. मी चटई अंथरली. पण मुलीला एकटीला तिथं ठेवायचा धीर होईना. मी आधी स्वतः पालथी पडले, गाल टेकून. मग तिला समोर घेतलं आणि पालथं ठेवलं, भुईवर. तिनं नाक चटईत घातलं. हलेना. तिचा श्वास चटईवर घासत होता, तेवढा ऐकू येत होता.

सासू परसातून पाणी घेऊन आली आणि दारात ओरडली. "अवं उठ! उठ तिथून! काऊन मेल्यावानी पडल्या दोघी? उठ म्हणते ना!"

आणि मुलीनं डोकं उचललं. आवाज कुठून येतो ते पाहायला. तिची मान लटलटत होती, डोळे मोठे झाले होते, पण सासूचं ओरडणं संपेपर्यंत ते डोकं वर होतं. मग पडलं.

सासूनं ते पाहिलं. हातातली बादली तशीच.

मग मुलगी रडायला लागली. ओठ पाहत मी मनात दहापर्यंत मोजलं. ओठ काळसर झाले, काळे नाही. उचलली. वहीत लिहिलं, एक मिनिट, रडली. त्या वहीतलं पहिलं खरं.

सासूनं शब्द मागं घेतला नाही. ती म्हणाली, मी पाहणार नाही. रोज मी चटई अंथरली की ती उंबऱ्यावर पाठ करून बसायची आणि बाहेर तोंड करून शिव्या द्यायची. मला, दवाखान्याला, मॅडमला, काकूच्या कोंबड्यांना. आणि मुलगी तिचा आवाज शोधत मान वर काढायची. सासू थकून गप्प झाली की मानही खाली. काकू कुंपणावरून हसली, "भांडन आयकाले उठते वं तुयी नात. तुयावरच गेली."

"जाईन तं जाईन," सासू म्हणाली, पण तिचा आवाज त्या दिवशी जास्त चढला होता.

सगळेच दिवस असे नव्हते. ताप आला त्या आठवड्यात पाच दिवस रकाने कोरे आहेत. एकदा ओठ खरंच काळे झाले आणि मी गुडघे दाबून बसले, तेव्हा सासूनं कपाळ भिंतीवर आपटून घेतलं. त्या दिवशी मी चटई गुंडाळून कोठीमागं टाकली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा दाराजवळ होती. कोणी काढली ते मी विचारलं नाही.

दोन महिने झाले तेव्हा मुलगी कुशीवर वळत होती. दोन्ही हात पुढं टेकवून, बेडकासारखी, बसत होती. फार वेळ नाही. मॅडमनं तिला गादीवर बसवलं, हात सोडला, वाट पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वो महीने आपके थे, अम्मा." माझे महिने. म्हणजे दोष माझाच. मला रडायला हवं होतं, पण मला हसू आलं, तोंडावर पदर घ्यावा लागला. तिनं हैदराबादला फोन केला आणि तारीख मिळाली.

मग तिनं विचारलं, मुलगी बा, मा, असं काही बोलते का. नाही बोलत. तिच्यापुढं नुसती टाळी वाजवली तर पाहते, पण आवाज काढत नाही. "घर में इससे बात कौन करता?" मी खाली पाहिलं. पहिल्या दिवशीच तिनं सांगितलं होतं, समोर पडून तिच्याशी बोला. मी समोर पडायचे. बोलायचे नाही. मला काय बोलावं ते सुचत नाही, लहान मुलाशीसुद्धा. म्हणजे आता दुसरं काहीतरी आहे, आणि तेही माझंच आहे की तिच्या डोक्यातलं, हे पुन्हा कोणाला माहीत नाही. मॅडमनं ते कागदावर लिहिलं, मोठ्या ऑपरेशननंतर पाहू म्हणाली. नंतर पाहू असं ती आधी कधी म्हणाली नव्हती.

मोठ्या ऑपरेशनला छाती मधोमध उघडतात. नंतर कितीतरी आठवडे पालथं ठेवायचं नाही, बगलेत धरून उचलायचं नाही. जे शिकली त्यातलं काही विसरेल, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. हे डॉक्टरनं सांगितलं ते तिनं परत यायचं धरून. न येण्याचंही त्यांनी सांगितलं, यांचा अंगठा नाही, सही घेतली.

आज सकाळी मी पिशवी भरत होते. झबली, टॉवेल, चिठ्ठ्या. हिरवट डागाचं झबलं वर आलं, ते मी परत खाली ठेवलं. सासू उंबऱ्यावर बसली होती.

"तिथं खाली ठेवतीन का तिले?"

"नाई माय. खाटेवर. नळ्या असतात."

"किती दिवस?"

"लय दिवस."

ती बाहेर पाहत राहिली. "मंग इसरन ते."

थोड्या वेळानं ती उठली, केरसुणी घेतली आणि दाराजवळची ती जागा झाडली. कोपऱ्यापासून दारापर्यंत, दोनदा. चटई स्वतः अंथरली. मुलीला कडेवरून उतरवून माझ्या हातात दिलं. तेच हात, तीच जागा. "ठेव. आज जास्त वेळ ठेव."

मी ठेवली आणि समोर पडले. सासू उंबऱ्यावर बसली, या खेपेला आत तोंड करून. मुलगी गाल टेकून पडली होती. तिला शिव्यांची सवय. सासूनं दोनदा तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मुलगी तशीच पडून राहिली. मग मी बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, वांग्यांना कीड पडली, उद्या गाडी आहे, तुझ्या बापाची दस्ती घेऊन गेलेली बस, असलंच काहीतरी. माझा आवाज मलाच परका वाटत होता. मुलीनं बऱ्याच वेळानं मान उचलली. माझ्याकडे नाही, दाराकडे, आजीकडे पाहिलं, ही का बोलत नाही म्हणून. मग माझ्याकडे वळवली. मी बोलत राहिले. घसा सुकला तरी बोलत राहिले.

आजच्या रकान्यात नऊ मिनिटं आहेत. उद्याचा मी आखला नव्हता. आत्ता सासूनं स्वयंपाकघरातून विचारलं, गाडी किती वाजता. मी सांगितलं, सातला.

"मंग साहाले ठेव अजून एक डाव," ती म्हणाली.

पट्टी शोधते.